चादरीचा चौथा कोपरा

काकांनी आयुष्यात हजारभर सिनेमे पाहिले होते आणि त्यातला एकही शेवटपर्यंत पाहिला नव्हता. असा माणूस एक्कावन्नाव्या वर्षी विद्यापीठात सिनेमा शिकायला जातो म्हटल्यावर लोक हसणारच. हसू दे. आधी गोष्ट ऐका, मग काय ते हसा.

काका हॉटेलात कामाला होते. सव्वीस वर्षं, एकच मजला, चौथा. चारशे एक ते चारशे चौदा अशा चौदा खोल्या. पाहुणा बाहेर पडला की आत शिरायचं, पलंग आवरायचा, टॉवेल बदलायचे, बाथरूम घासायचं, केराची टोपली रिकामी करायची आणि पाहुणा परतायच्या आत पसार व्हायचं. एका खोलीला वीस मिनिटं. त्यांचं नाव हॉटेलात कुणाला धड ठाऊक नव्हतं. मॅनेजर जिन्यातून ओरडायचा, "ए चारशे!" आणि काका म्हणायचे, "आलो!"

कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी तिथल्या म्हाताऱ्या मुकादमाने त्यांना बजावलं होतं, "हे बघ, खोली दिसली पाहिजे, तू दिसता कामा नये. तुझा केस दिसला, तुझ्या पंजाचा ठसा दिसला, की केलेलं काम पाण्यात." काकांनी ते गाठीला बांधलं. चादर घातली की तिच्यावरून शेवटचा हात ते उलटा फिरवायचे, बोटांच्या पाठीने, दोनदा. तळव्याने चादर चुरगळते, असं त्यांचं म्हणणं. घरीसुद्धा तसंच. आपल्या स्वतःच्या गादीवरही हा माणूस ठसा ठेवत नसे, आता बोला!

तर सिनेमाचं असं, की पाहुणे टीव्ही चालू ठेवून जातात. चारशे एकमध्ये काका उशांचे अभ्रे बदलत असताना नायक-नायिकेची ओळख व्हायची. चारशे तीनमध्ये तोच सिनेमा लागलेला असला तर भांडण सापडायचं. चारशे सहाचा पाहुणा हमखास बातम्यावाला निघायचा, म्हणजे मधला भाग गेला. चारशे नऊमध्ये पाहावं तर नायक तुरुंगात! कसा गेला, का गेला, देव जाणे. आणि शेवट येईपर्यंत काका खालच्या धुलाईखोलीत चादरी मोजत असायचे.

मग राहिलेलं ते स्वतःच भरायचे आणि संध्याकाळी काकूंना अख्खा सिनेमा सांगायचे.

काकू चष्म्याच्या दुकानात होत्या. दिवसभर काचा घासून घासून फ्रेममध्ये बसवायच्या, त्यामुळे संध्याकाळी डोळ्यांना काही दाखवायची सोय नव्हती. त्या डोळे मिटून खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांगा." काका सांगायचे. सव्वीस वर्षांत काकूंना असे कितीतरी सिनेमे पाठ झाले, जे जगात कुणी काढलेलेच नव्हते. एकदा तर दुकानात एका गिऱ्हाइकाशी त्यांची जुंपली. गिऱ्हाईक म्हणे, शेवटी नायक मरतो. काकू म्हणे, "काहीतरीच काय! तो मरत नाही, तो सायकलीचं दुकान काढतो." वाद इतका पेटला की मालकाला मध्ये पडावं लागलं. घरी येऊन काकू तणतणल्या, "तुम्ही मला खोटा शेवट सांगितलात?"

"खोटा कसा?" काका शांतपणे म्हणाले. "तो मेलेला मला पटला नसता."

पुढे हॉटेल विकलं गेलं आणि बंद झालं. काका घरी बसले. बसले म्हणजे कसले बसतात! पंधरा दिवसांत त्यांनी घर असं काही आवरलं की काकूंना स्वतःचा चष्मा सापडेना. चमचे उंचीप्रमाणे, वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे. काकूंनी अर्धा प्यालेला चहाचा कप ठेवून दाराची कडी काढायला जावं, तर परत येईपर्यंत कप धुऊन पालथा! एक दिवस त्यांचा संयम सुटला. "अहो, माझ्याच घरात मला पाहुणी करून ठेवलंत!" असं म्हणून त्यांनी पर्समधून एक कागद काढला आणि काकांच्या पुढ्यात आपटला. विद्यापीठातल्या सिनेमा विभागाचा अर्ज होता. वर्गातली एक जागा नोकरी करून आलेल्यांसाठी राखीव असते, हे त्यांना दुकानातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. नाव, पत्ता, वय सगळं भरलेलं. सही तेवढी बाकी.

"मी? कॉलेजात?"

"हो, तुम्ही. जा आणि निदान एक सिनेमा शेवटपर्यंत बघून या."

मुलाखत घेतली ती संकलनाच्या बाईंनी. ठेंगण्याशा, केस बारीक कापलेले, कानावर लाल पेन्सिल. वर्गात भल्याभल्यांची बोबडी वळवणारी बाई. त्यांनी विचारलं, "संकलन म्हणजे काय, ठाऊक आहे?" काका म्हणाले, "नाही बाई." मग सिनेमे कसे पाहिलेत, असं विचारल्यावर काकांनी चौदा खोल्यांची हकिकत सांगितली. चारशे तीनमधलं भांडण चारशे नऊमधल्या तुरुंगाला आपण कसं जोडायचो, मध्ये काय घालायचो, काय गाळायचो, सगळं. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून हसून.

"हे आम्ही दुसऱ्या वर्षी शिकवतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी पहिलं वर्ष पास व्हा."

पास व्हा, हे बाईंनी हसत म्हटलं खरं, पण तिथला नियम हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पहिल्या वर्षाच्या शेवटी तिघातिघांच्या गटाने पाच मिनिटांचा एक सिनेमा करायचा. एकच खोली, संवाद नाहीत. तो पास तर तिघं दुसऱ्या वर्षात, नापास तर तिघांनाही रामराम. परत संधी नाही, कारण जागा मोजक्या आणि बाहेर रांग मोठी.

काकांना वर्गात रुळायला वेळ लागला नाही. बाकीची पोरं वीस-बावीसची. त्यांनी पहिल्याच दिवशी "काका" म्हणायला सुरुवात केली. काका पहिल्या बाकावर बसायचे, वहीला कव्हर घालायचे आणि तास संपला की नकळत फळा पुसून, खुर्च्या सरळ करून मगच बाहेर पडायचे. अंधाऱ्या हॉलमध्ये पहिला सिनेमा शेवटपर्यंत बघायचा योग आला, तेव्हा शेवट जवळ आल्यावर त्यांना बसवेना. पाय आपोआप दाराकडे. "काका, कुठे?" मागून कुणीतरी विचारलं. काका खजील होऊन म्हणाले, "सवय हो. पाहुणा यायची वेळ झाली की निघायचं." त्या दिवसापासून दर सिनेमाला शेवटची दहा मिनिटं आली की काका दाराबाहेर उभे असायचे आणि आत काय झालं ते स्वतःच ठरवायचे. सिनेमा शिकायला आलेला विद्यार्थी अन् शेवट बघत नाही! बाई कपाळाला हात लावायच्या.

गट पडले तेव्हा काकांच्या वाट्याला दोघं आले. एक शिट्टी. ही मुलगी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की कँटीनमधल्या बरण्यांची झाकणं हलावीत. दिग्दर्शन तिचं. दुसरा लांब्या, कॅमेरावाला. सहा फुटांच्या वर उंची, दिवसाला चारपाच वाक्यं बोलला तर खूप. आणि काकांकडे कंटिन्युइटी.

कंटिन्युइटी म्हणजे काय, तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी काढतात. सकाळी एक तुकडा, दुपारी दुसरा. पडद्यावर मात्र ते एकाला एक लागून येतात. सकाळी टेबलावर अर्धा कप चहा असेल तर दुपारीही अर्धाच हवा. चप्पल उलटी पडली असेल तर उलटीच हवी. ती तशी ठेवणं, हे त्या माणसाचं काम. शिट्टी म्हणाली, "काका, हे काम तुमच्याशिवाय कोण करणार? तुम्हाला खोल्या पाठ असतात." काकांची छाती इंचभर फुगली.

गोष्ट शिट्टीने लिहिली होती. एक दाढीवाला तरुण सकाळी उठतो. त्याला लांबच्या गावी नोकरीवर रुजू व्हायचंय. एक मोजा सापडतो, दुसरा सापडत नाही. शोधता शोधता तो खोलीची दैना करतो आणि शेवटी कळतं, दुसरा मोजा पायातच आहे. बस्स, इतकंच. बाईंनी वाचून "बघू" एवढंच म्हटलं होतं, आणि बाईंचं "बघू" म्हणजे काय ते सगळा विभाग जाणून होता. शिट्टी तेव्हापासून नापास व्हायचीच भाषा करत होती.

तरुणाचं काम तिचा मोठा भाऊ करणार होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाला निघायचा होता. तिथे दाढी चालत नाही, डोकंही तासतात. म्हणजे जे काय करायचं ते आजच. खोलीचंही तेच. विभागाच्या तळघरात पलंग, कपाट, खिडकी असलेली एक खोली उभी केलेली होती, आणि दारावरच्या फळ्यावर परीक्षेपर्यंतचे सगळे दिवस वेगवेगळ्या गटांच्या नावाने भरलेले. यांना मिळाला होता हा एक दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.

सकाळी काकांनी कमाल केली. पलंगावर चादर कशी चोळामोळा, उशी भिंतीकडे, तिच्यावर पावाचे चुरे सात. कपाचा कान खिडकीकडे. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर, उजवं टोक जमिनीला टेकलेलं. सगळं वहीत. लांब्या फोटो काढायला गेला तर काका म्हणाले, "काढ हो, पण चुकलंच तर फोटो चुकेल, मी नाही." असा तोरा! एकदा दाढीवाल्याने चुकून चप्पल सरकवली, तर काकांनी लांबूनच सांगितलं, "डावी दोन बोटं मागे घ्या." शिट्टीने खूश होऊन शिट्टी मारली. एक वाजेपर्यंत निम्मं काम उरकलं.

मग जेवायची सुट्टी. तिघं कँटीनमध्ये गेली. काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा वही तपासतो." आणि तेवढ्यात काकूंचा फोन आला.

फोन खांद्याला दाबून धरून, मान तिरकी करून बोलायची काकांची जुनी पद्धत. हात मोकळे. काकू दुकानातल्या गमती सांगत होत्या. एक आजोबा कसे डोळ्यांवरचाच चष्मा घेऊन "माझा चष्मा हरवला" म्हणत आले. काका हसत होते, "हो का", "मग?", "काय सांगतेस" करत होते. दहा-बारा मिनिटं झाली असतील. मध्येच काकू बोलता बोलता थांबल्या.

"अहो, तुम्ही कुठे आहात?"

"विद्यापीठात. का गं?"

"मग चादर कुठली झटकताय?"

सव्वीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा चादर झटकल्याचा आवाज कळणार नाही तर काय! काकांनी मान सरळ केली. फोन खांद्यावरून घसरून गादीवर पडला. काका बघतात तर पलंग आरशासारखा. तीन कोपरे खोचलेले, चौथा हातात. उशी फुगवून मधोमध. सात चुरे टोपलीत. कप धुऊन पालथा. टॉवेलची तिहेरी घडी. चपला जोडीने, टोकं दाराकडे. चार तासांची कंटिन्युइटी काकांनी बारा मिनिटांत निपटून टाकली होती, स्वतःच्या हातांनी, हसत हसत. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

काका बसायला वळले. पण बसावं तर पलंगावर सुरकुती पडेल, म्हणून बसलेही नाहीत बिचारे.

मग त्यांनी पसारा परत मांडायची धडपड सुरू केली. वही होती, फोटो होते. पण ज्या माणसाने जन्मात पसारा केला नाही, त्याला तो कसा जमावा? चादर चोळामोळा केली, तर सुरकुत्या एका रांगेत पडल्या. चपला फेकल्या, त्या जोडीनेच पडल्या. पावाचे चुरे टाकले, तर ते समान अंतरावर! काकांचा पसारासुद्धा इस्त्रीचा. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला.

दार उघडलं आणि तिघं आत आली.

शिट्टीने एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि गुडघ्यांवर हनुवटी ठेवून म्हणाली, "संपलं."

"पोरी, चूक माझी आहे," काका म्हणाले. स्वतःच्या जागेचं त्यांना फारसं काही वाटलं नसतं, खरंच. पण या दोन पोरांचं अख्खं वर्ष, त्यांचे आईबाप, त्यांची स्वप्नं आपण टोपलीत चुऱ्यांबरोबर टाकली, हे त्यांना सहन होईना. "मी बाईंना जाऊन सांगतो. मला एकट्याला काढा म्हणतो."

"नियम तिघांचा आहे, काका," शिट्टी म्हणाली.

दाढीवाल्या भावाला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो हातातला चहा सांभाळत सगळ्यांच्या मागून आत आला, खोली बघून थबकला आणि म्हणाला, "अरेच्चा! कोण येऊन गेलं?" कपाट उघडून पाहिलं. वाकून पलंगाखाली पाहिलं. मग उठून पुन्हा चादरीकडे आ वासून बघत राहिला.

शिट्टी ताडकन उभी राहिली.

"दादा, हे परत कर. आत्ता जे केलंस तेच. लांब्या, कॅमेरा!"

आणि मग जे चाललं, त्याला तोड नाही. मोजा गेला खड्ड्यात. गोष्ट आता अशी झाली: तरुण पसारा करतो, तोंड धुवायला जातो, परत येतो तर खोली आवरलेली. तो चक्रावतो, शोधतो, पुन्हा पसारा करतो, पाठ फिरवतो, आणि पुन्हा सगळं जागच्या जागी! दर वेळी कॅमेरा बंद झाला की शिट्टी शिट्टी मारायची आणि काका मैदानात उतरायचे. लांब्या घड्याळ लावून उभा. पहिल्या वेळी चार मिनिटं, मग साडेतीन, मग तीनच्या आत! "काका, पेटलात!" लांब्या ओरडला, आणि हे त्याचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य. पसाऱ्यातला मोजा घडी होऊन उशीवर आला तेव्हा दाढीवाला खरंच दचकला, कारण तो तिथे ठेवणार हे काकांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. घाम पुसत, हसत, एकमेकांवर आदळत चौघांनी पाच तासांचं काम तीन तासांत केलं.

पावणेपाच झाले. पुढचा गट दार ठोठावू लागला. शेवटचा तुकडा राहिला होता. तरुण बॅग घेऊन निघतो, दारातून मागे वळतो, आणि जाताजाता स्वतः पलंग आवरतो. धांदरटपणे. एक कोपरा लोंबताच राहतो. तो निघून जातो. खोली रिकामी.

"आणि आता," शिट्टी म्हणाली, "कडेने एक हात येतो आणि तो कोपरा खोचतो. काका, तुमचा हात."

काका दोन पावलं मागे सरले. "छे छे. मी दिसायचं नाही."

"का?"

"का म्हणजे? आवरणारा माणूस दिसला की काम बिघडलं. सव्वीस वर्षं मी कुणाला दिसलो नाही, आणि आता कॅमेऱ्यात येऊ? दुसऱ्या कुणाचा हात घे. लांब्याचा घे."

"लांब्याला कोपरा खोचता येतो का?"

लांब्याने खांदे उडवले. बाहेर दारावर पुन्हा थाप पडली.

"काका," शिट्टी जवळ आली, "खोली कुणी आवरली?"

"मी."

"मग तुमचंच काम आहे ना ते? मग लपवायचं कशाला? चोरी केली का तुम्ही?"

असा प्रश्न त्यांना सव्वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. लांब्याने कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढली. "काका, मनगटापर्यंतच घेतो. जास्त नाही."

काका नळावर गेले, साबणाने हात धुतले, कोरडे केले, सदऱ्याच्या बाहीचं बटण लावलं. परीक्षेलाही कुणी इतक्या तयारीने जात नाही. मग येऊन पलंगाच्या कडेला उभे राहिले. आणि त्यांनी चादरीचा कोपरा हातात घेतला.

परीक्षेच्या दिवशी विभागाचा हॉल भरला होता. घरच्यांना बोलावणं होतं, म्हणून काकूही आल्या होत्या, दुकानातून अर्धी सुट्टी काढून, नवा चष्मा लावून. काकांनी त्यांना या सिनेमाबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. उगाच सांगायचं आणि नापास झालो तर! चूक झाली, एवढं काकूंना ठाऊक होतं. पुढे काय झालं ते ठाऊक नव्हतं.

दिवे गेले. पहिल्यांदा खोली आवरलेली दिसली तेव्हा हॉलमध्ये खसखस पिकली. दुसऱ्यांदा लोक मोठ्याने हसले. उशीवर मोजा आला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. काकूंनी काकांना कोपराने ढोसलं, "अहो, हे झकास आहे हो!" काकांच्या कपाळावर घाम. तरुण बॅग उचलून दाराकडे निघाला आणि इकडे काकाही खुर्चीतून उठले. पाय दाराकडे. पाहुणा निघाला की आपणही निघायचं, ही सवय, आणि वरून लाज.

काकूंनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. "बसा खाली. शेवट व्हायचाय."

काका बसले.

पडद्यावर तरुणाने पलंग कसाबसा आवरला आणि गेला. दार लागलं. रिकामी खोली, लोंबणारा कोपरा. मग कडेने एक हात आला. बाहीचं बटण लावलेलं, नखं कापलेली, पन्नाशीतला. त्याने कोपरा उचलला, दुमडला, गादीखाली सरकवला. आणि मग बोटांच्या पाठीने चादरीवरून हलकेच फिरला, एकदा, दोनदा.

"अहो!" काकू अंधारात उभ्याच राहिल्या. "अहो, हा तर तुमचा हात!"

सगळा हॉल त्यांच्याकडे वळला. हशा फुटला, आणि त्या हशाच्या पोटातूनच टाळ्या आल्या, थांबेचनात. काकू रडत होत्या की हसत होत्या, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. काकांना मात्र पळायलाही जागा नव्हती, कारण सदरा अजून काकूंच्याच मुठीत होता.

दिवे लागले तसे बाहेरून आलेले परीक्षक चष्मा सावरत म्हणाले, "कल्पना छान आहे. पण सुरुवातीला कप अर्धा भरलेला होता आणि तरुण तोंड धुवायला जायच्या आधीच, पुढच्या तुकड्यात तो पालथा. हे गोष्टीत ठरलेलं होतं का?"

शिट्टीने तोंड उघडलं, पण त्याआधी काका उभे राहिले. "नाही साहेब. ती चूक होती. कंटिन्युइटी माझ्याकडे होती आणि मीच सेट आवरून टाकला. फोनवर बोलता बोलता. पोरांनी सावरून घेतलं. गुण कापायचे तर माझे कापा."

बाईंनी कानावरची लाल पेन्सिल काढली. "कंटिन्युइटीला शून्य," त्या म्हणाल्या आणि लिहिलं. शिट्टीने डोळे मिटून घेतले. बाई लिहीतच राहिल्या, मग मान वर न करता म्हणाल्या, "बाकी सगळ्याला मी जे देतेय, ते बघता गट पास आहे. तिघंही. आणि काका, दुसऱ्या वर्षी शेवट बघायचे. बाहेर उभं राहायचं नाही."

शिट्टीने तिथेच, भर हॉलमध्ये, दोन बोटं तोंडात घातली. खिडक्यांच्या काचा वाजल्या. लांब्या चक्क दोन वाक्यं बोलला. पहिलं "आई शप्पथ", दुसरं कुणाला ऐकूच आलं नाही.

घरी जाताना बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या, काका शेजारी. पहिला थांबा येईपर्यंत काकू शून्यावरच होत्या. "शून्य म्हणजे काय! इतका सुंदर कोपरा खोचला, आणि शून्य?" काकांनी समजावलं की शून्य त्याला नाही, कपाला आहे. मग त्या शांत झाल्या. थोड्या वेळाने त्यांनी नवा चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

"हं, सांगा."

"काय सांगू? आज तर तू स्वतः बघितलास की. शेवटपर्यंत."

"तो पोरगा गेला त्याच्या गावी, ते बघितलं," काकू म्हणाल्या. "त्या हातवाल्या माणसाचं पुढे काय होतं, ते सांगा."

काकांनी जरा विचार केला. काकूंचा हात त्यांच्या हाताशेजारीच सीटवर होता, तो त्यांनी आपल्या हातात घेतला, तळव्यात, घट्ट, आणि सांगायला सुरुवात केली.